ओल्या खोबऱ्याचे लाडू

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला उद्योजकता हा विषय होता. तो शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यात एकच उद्योग केला होता. डहाणूत झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान काढलं आणि वर्षभरात बंद केलं. पण वर्गात ते दुकान कधीच बंद पडलेलं नसे. सरांनी तिथून ‘दिशा बदललेली’ असे. घसरून पडलेल्या माणसाने कपडे झटकत उठावं आणि मी मुद्दामच खाली बसलो होतो म्हणावं, तशा थाटात ते सांगत. आम्ही ते वहीत उतरवून घेत असू.

त्यांना हसण्याचा मला तसा अधिकार नव्हता. माझे वडील रेल्वेत, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्या घरात कुणी कधी काही विकलं नव्हतं. ‘धंदा’ हा शब्द आमच्याकडे ‘हे काय धंदे चाललेत?’ एवढ्यापुरताच वापरला जाई. बँकेच्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर, घरी बसून लोकांची तोंडं बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी एमबीएला आले होते. वर्गातल्या निम्म्या पोरांचं तेच होतं. पण आम्ही एकमेकांना ‘भावी उद्योजक’ म्हणायचो आणि कुणाला हसू यायचं नाही.

शेवटच्या सहामाहीत सरांनी प्रकल्प दिला. चार-चार जणांचे गट करायचे आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत स्टॉल लावून स्वतः तयार केलेली वस्तू विकायची. निम्मे गुण सर देणार, निम्मे गटातल्यांनी एकमेकांना गुपचूप द्यायचे. “टीमवर्क म्हणजे काय ते कळलं पाहिजे ना!” सर म्हणाले. ते आम्हाला कळलं, हे मात्र मी मान्य करीन.

आमच्या गटात एका सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा होता. बापाच्या गाडीवरचा दिवा केव्हाच गेला होता, पण मुलाच्या चालीत तो अजून फिरत होता. पहिल्याच बैठकीत त्याने स्वतःला सीईओ नेमलं. दुसरा मुलगा स्लाइड्स बनवायचा. त्याच्याकडे मतं नव्हती, फॉन्ट होते. त्याला मार्केटिंग हेड केलं. माझं अक्षर चांगलं आणि टायपिंग बरं, म्हणून मी डॉक्युमेंटेशन हेड. चौथी मुलगी तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या घरातली. ती दोन गाड्या बदलून कॉलेजला यायची आणि आमच्यात एकटी तीच वेळेवर पोहोचायची. तिला ऑपरेशन्स दिलं. ऑपरेशन्स म्हणजे जे काय काम असतं ते.

तिची आई आणि पाड्यावरच्या चार बाया नागलीचे पापड, लाडू करून तलासरीच्या बाजारात विकत. हे तिने सहज सांगितलं आणि सीईओने टेबलावर थाप मारली. “गाइज, सुपरफूड!” पुढचे दोन तास आम्ही नाव आणि लोगो ठरवत बसलो. स्लाइडवाल्याने इंटरनेटवरून वारली चित्रातली नाचणारी माणसं उचलली.

“हे आमच्याकडे काढत नाहीत,” ती म्हणाली. “आमची जमात वेगळी.”

“कस्टमरला काय कळतंय?” सीईओ म्हणाला.

मी बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहिलं : लोगो एकमताने मंजूर.

मग आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. सीईओच्या गाडीत एसी लावून, काचा वर करून. तिची आई आणि त्या चार बाया अंगणात नागली पाखडत होत्या. त्या काही देवाच्या गाई नव्हत्या. एकीने मोठं सूप बळकावलं म्हणून दुसरी फुगून बसली होती, तिसरी दर पाच मिनिटांनी उठून पाणी प्यायला जात होती आणि तलासरीच्या मुलीची आई तिच्यावर ओरडत होती. पण ढीग कमी होत होता. आम्हाला बसायला चटई टाकली, कोरा चहा आला.

चहा पिऊन झाल्यावर सीईओ उठला. त्याने यूट्यूबवर एक खेळ पाहिला होता. एकाने डोळे मिटून पाठीमागे पडायचं, मागच्याने त्याला झेलायचं, म्हणजे गटात विश्वास वाढतो. त्याने त्या पाच बायांना रांगेत उभं केलं.

“आता तुम्ही मागे पडा, मावशी. मागची तुम्हाला पकडेल.”

“कशाला पडू?” सगळ्यांत म्हातारी होती तिने विचारलं.

“विश्वास वाढतो.”

“पडून?”

मुलीची आई म्हणाली, “बाबा, हिचा हात मोडला तेव्हा दोन महिने हिचं पाणी मी भरलं. आता हिला पाठीवर पाडून काय बघायचं?”

सीईओ हसला. शहरातला माणूस गावात येऊन समजूतदारपणे हसतो, तसं. शेवटी त्यातली तरुण बाई, आता पाहुण्याचं मन कुठे मोडा, म्हणून मागे पडली. मागचीला ते कळलंच नव्हतं. दोघी नागलीच्या ढिगात बसल्या आणि सगळ्या पोट धरून हसायला लागल्या. स्लाइडवाल्याने नेमका तो फोटो काढला. पुढे तो सादरीकरणात आला. खाली लिहिलं होतं : ग्रामीण महिलांचं संघबांधणी प्रशिक्षण.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. खरी गोष्ट त्यानंतर झाली. सीईओला लाडवांत ओलं खोबरं हवं होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या नागलीच्या लाडवात ते नसतं, आणि आपण वेगळे दिसलो पाहिजे. शिवाय भरलेल्या डब्यांचे फोटो सरांना यात्रेच्या आठवडाभर आधी पाठवायचे होते.

तिची आई मला म्हणाली, कारण लिहिणारी मी होते, “बाय, ओल्या खोबऱ्याचा लाडू दोन दिवस. या उन्हात तेवढंही नाय. डब्यात कोंडला तर उबतो. सुकं खोबरं घाला नि आदल्या दिवशी वळू. आम्ही पाच जणी बसलो तर दुपारपर्यंत होतात.”

मी ते शब्दन् शब्द लॅपटॉपवर लिहून घेतलं. सीईओने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “मावशी, एअरटाइट डबे आहेत. हवाच जाणार नाही.”

“हवा नाय गेली म्हणूनच तर उबतो.”

“आई, राहू दे,” तिची मुलगी म्हणाली. मग आमच्याकडे वळून ती हेच परत म्हणाली, स्वच्छ शब्दांत, एकेक मुद्दा सांगत. सीईओने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “निगेटिव्ह एनर्जी नको.” तिने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. ‘तुमची परीक्षा आहे म्हणून करते,’ असं म्हणून तिच्या आईने आठवडाभर आधी, ओलं खोबरं घालून लाडू वळून दिले. ते डबे सीईओच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहिले. चैत्रात, पत्र्याखाली.

यात्रेत आमच्या शेजारी किनाऱ्यावरच्या वरोरहून आलेली एक बाई सुके बोंबील घेऊन बसली होती. सीईओला ती ब्रँडच्या दृष्टीने अडचणीची वाटली. त्याने तिला जरा पलीकडे सरकायला सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्यापुढे गर्दी होती, आमच्यापुढे आमचा बॅनर होता. तरी थोडेफार डबे गेले. दुपारी उकाडा वाढला तसा एक आंबूस, कोंदट वास येऊ लागला. सीईओने नाकाला रुमाल लावून बोंबिलांकडे बोट दाखवलं.

“ओ शेठ,” ती बाई म्हणाली, “माज्या मालाला असा वास नाय येत. तुमचं काय ते बघा.”

आम्ही बघितलं नाही. बघितलं ते एका आजीने. सकाळी डबा घेऊन गेली होती, देवीचं दर्शन करून नातवंडांना खाऊ द्यायला तिने तो उघडला होता. ती आमच्या टेबलापुढे आली, लाडू फोडून ठेवला. आत पांढरी लव आली होती. ती ओरडली नाही.

“देवीच्या दारात असं विकता?” एवढंच म्हणाली.

सीईओ तिची माफी मागून तिला दुसरा डबा द्यायला निघाला. मग आमच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, “वरचे काढा, खालचे द्या. कुणी विचारलं तर सांगा, नैसर्गिक आहे, केमिकल नाही, असंच असतं.”

स्लाइडवाला वरचे काढू लागला. तलासरीच्या मुलीने त्याच्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं. समोर तीन माणसं उभी होती, त्यांना म्हणाली, “घेऊ नका. खराब आहेत.”

“कुणी अधिकार दिला तुला?” सीईओ तिच्यावर खेकसला.

“ऑपरेशन्स माझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

तिने सगळे डबे एकावर एक रचले आणि मागच्या कचऱ्याच्या खड्ड्याकडे नेऊ लागली. तिला चार खेपा पडल्या असत्या. बोंबीलवाल्या बाईने आपली रिकामी पाटी दिली म्हणून दोन पडल्या. आम्ही तिघं उभे होतो. माझ्या हातात वही होती, आणि हातात वही असली की माणूस कामात आहे असं दिसतं.

दोन दिवसांनी सीईओने डहाणूच्या किनाऱ्यालगतच्या एका कॅफेत बैठक बोलावली. तिला बोलावलं नव्हतं. फळ्याऐवजी टिश्यू पेपरवर त्याने माशाच्या काट्यासारखी एक आकृती काढली, चुकीचं मूळ शोधायची. सगळे काटे तिच्याकडे जात होते. माल तिच्या घरचा, कृती तिच्या आईची, स्टॉल बंद केला तिने.

“त्यांनी आधीच सांगितलं होतं ना पण,” मी म्हणाले. हे मी म्हणाले होते, एवढं माझ्या बाजूने आहे. पुढचं नाही.

“कुठे लिहिलंय?”

“मिनिट्समध्ये आहे.”

“कुणाला पाठवलीस?”

पाठवायला हवी होती, पाठवली नव्हती. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “एकच ओळ आहे. काढून टाक. चौघं बुडण्यापेक्षा एक बुडलेली बरी. लीडरशिप म्हणजे अवघड निर्णय घेणं.”

मला वाटलं होतं, असं काही करायला वेळ लागतो. नाही लागला. ओळ निवडली, एक कळ दाबली, ओळ गेली. मग एकमेकांना गुण द्यायच्या फॉर्मवर तिच्यापुढे आम्ही तिघांनी दहापैकी तीन-तीन लिहिले. कॅफेतली कॉफी सीईओने पाजली. मी ती पूर्ण प्यायले.

सादरीकरणाच्या दिवशी सीईओ अपयशावर बोलला. फार सुंदर बोलला. आवाज मध्येच कापरा केला. ‘आम्ही योग्य माणसावर योग्य जबाबदारी टाकायला शिकलो,’ हे वाक्य त्याने तिच्याकडे न बघता म्हटलं. सरांचे डोळे पाणावले; त्यांना आपलं दुकान आठवलं असणार.

ती उठली. “सर, ओलं खोबरं घालू नका असं माझ्या आईने सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. लिहून घेतलेलं आहे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “मिनिट्समध्ये आहे का तसं?”

वर्गात चाळीसएक मुलं होती.

“नाही, सर.”

ती खाली बसली. सरांनी गुणांची फाइल काढली आणि त्यांच्या नेहमीच्या गलथानपणाने ती आधी भिंतीवर उघडली, मग त्यांना कळलं, मग ती मिटायचं बटण सापडेना. आमचा गट सगळ्यांनी वाचला. तिच्यापुढे तीन, तीन, तीन. ठरवून दिलेले गुण ओळखायला गणित लागत नाही. सरांनी ओळखले नाहीत. तिने सीईओला दोन दिले होते, स्लाइडवाल्याला तीन. मला पाच. शेजारी शेरा होता, तिने बैठकीच्याही आधी, यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी भरलेला : ‘हिला सगळं कळतं. बोलत नाही.’

आम्हाला ‘अ’ श्रेणी मिळाली. तिला काठावर पास केलं.

परीक्षा संपल्यावर मी तिच्या पाड्यावर गेले. एकटी, एसटीने आणि मग पायी. मायलेकी भाताच्या खाचराचा बांध नीट करत होत्या. तिच्या आईने मला ‘बस बाय’ म्हटलं आणि पाणी आणायला घरात गेली. तिला काही माहीत नसावं, किंवा असावं. पाण्याबरोबर तिने गूळ आणला.

“ती ओळ मी काढली,” मी लेकीला म्हणाले.

“माहीत आहे.” ती माती थापत होती. “लिहायचं काम तुझ्याकडे होतं. दुसरं कोण काढणार?”

“मला माफ कर.”

ती थांबली. “हे मला सांगून काय होणार? मला तर आधीच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांग ना.”

मला जे हवं होतं ते मिळालं नाही. मला वाटलं होतं, एवढं उन्हातून चालत गेल्यावर ते मिळायला हवं. चालण्याचा मोबदला मागणारी मी पक्की एमबीए झाले होते.

तरी मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ओळ, कॅफे, तीन-तीन गुण. ते गंभीर झाले, खुर्ची पुढे ओढली, आणि मला वाटलं, आता हा माणूस एकदा तरी माणसासारखं काही करील.

“गुण विद्यापीठाकडे गेले,” ते म्हणाले. “आता त्यात बदल करायचा म्हणजे कॉलेजला उत्तरं द्यावी लागतील. पण तू आज जे केलंस ना, त्याला सेल्फ-अवेअरनेस म्हणतात. किती जणांकडे असतो? पुढच्या बॅचपुढे यावर बोल. मूल्यं आणि नेतृत्व. मी केस स्टडी करतो याची.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, चाळीस जणांपुढे खोटं बोलले, तर निदान चाळीस जणांपुढे खरं बोलावं. तोवर मला एका कंपनीत ट्रेनी म्हणून नोकरी लागली होती. सुट्टी काढून गेले. व्यासपीठावर मागे माझं नाव होतं, फोटो होता, पुष्पगुच्छ होता. मी काही लपवलं नाही. ‘नाही, सर’ सुद्धा सांगितलं, सर शेजारी बसलेले असताना. सरांनी मान डोलावली. संपल्यावर टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“मॅम, पण तुमच्या ग्रुपला ग्रेड कोणती मिळाली?”

“अ.”

तिने ते लिहून घेतलं.

परतताना मी चारोटी नाक्यावर उतरले, डहाणूची गाडी पकडायला. तिथे ती दिसली. महामार्गालगतच्या एका कारखान्यात ती माल पाठवायचं काम बघते, हे मला ऐकून माहीत होतं. खांद्याला डब्याची पिशवी, तलासरीच्या जीपची वाट बघत उभी होती. माझ्या हातातला पुष्पगुच्छ मी मागे धरला, तेवढ्यात तिने तो पाहिला.

“कॉलेजला गेली होतीस?”

“हो. बोलायला बोलावलं होतं. त्या सगळ्याबद्दल. खरं काय झालं ते सांगितलं मी सगळ्यांना.”

“सगळं?”

“सगळं.”

“माझं नाव घेतलंस?”

मी म्हणाले, नाही. कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं सरांनी आधीच सांगितलं होतं.

“माझ्या आईचं?”

“नाही.”

एक ट्रक धूळ उडवत गेला. तिने ओढणी तोंडावर घेतली, धूळ बसेपर्यंत थांबली.

“मग बोललीस कुणाबद्दल?” तिने विचारलं.

जीप आली. आत जागा नव्हतीच, पण आतल्या बायांनी सरकून तिला बसवून घेतलं.